तीनशे अठरा नंबरची काच

४ जानेवारी

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र न उघडताच फाडलं नसशील, असं धरून चालतो. पत्ता आतेभावाकडून घेतला. आधी तो द्यायलाच तयार नव्हता. "सतरा वर्षं झोपा काढत होतास का?" म्हणाला. मी म्हटलं, हो, तसंच समज.

मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, डोक्यावर केस उरलेले नाहीत. मार्चअखेर निवृत्त होतोय. विद्यापीठाचं छायाचित्र संग्रहालय अजून त्याच जागी आहे, रसायनशास्त्राच्या जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. तू एकदा आली होतीस, त्यामुळे जास्त सांगत नाही. आता फक्त वाचनकक्षाला नवीन खिडक्या बसवल्यात आणि कोठारातली हवा कोरडी ठेवणारं यंत्र पूर्वीइतकं घरघरत नाही.

सध्या मनोरुग्णालयाच्या संग्रहाचं काम चाललंय. त्या रुग्णालयाची जुनी इमारत पाडली तेव्हा तिथले सगळे फोटो आमच्याकडे आले. काचेवरची निगेटिव्ह, अकराशेच्या वर. प्रत्येक नवा रुग्ण आला की तिथला कंपाउंडर त्याला मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसवायचा, हातात नंबराची पाटी द्यायचा आणि फोटो काढायचा. त्या काचा आता एकेक करून स्कॅन होतायत.

ताई, त्या काचांमध्ये आईबद्दल काही सापडलं आहे. पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू येऊ शकलीस तर बरं होईल. मंगळवार सोडून कधीही ये. प्रवासात तुझी कंबर धरत असेल, तर मी येतो. सांग फक्त.

तुझा,
बारक्या


१९ जानेवारी

प्रिय ताई,

उत्तर आलं नाही. येणार नाही असं वाटलंच होतं. तरी रोज टपालाच्या वेळी मी दाराशी रेंगाळतो आणि शिपाई मला हसतो.

मागच्या पत्रात मी लबाडी केली. "सापडलं आहे" असं लिहिलं. वाचणाऱ्याला वाटावं की परवा सापडलं. तुला वाटलं नसेल. लहानपणी मी खोटं बोलायचो तेव्हा तू माझ्या कानाच्या पाळीकडे बघायचीस, ती लाल व्हायची. पत्रात कान दिसत नाहीत, म्हणून जरा हिंमत केली.

ती काच मला वीस वर्षांपूर्वी सापडली.

संग्रह नुकताच आला होता. अडतीस लाकडी पेट्या होत्या आणि त्यांच्या खाचांमध्ये काचा उभ्या लावलेल्या. मी स्वतः एकेक काढून, मऊ ब्रशने धूळ झटकून, नव्या कागदी पाकिटात घालत होतो. अकराव्या पेटीत तीनशे अठरा नंबर निघाला. निगेटिव्हमध्ये चेहरा काही समजत नाही. केस पांढरे, दात काळे, डोळे म्हणजे दोन उजेडाची भोकं. मी चेहऱ्याकडे बघतही नव्हतो, पाटीवरचा नंबर वहीत उतरवत होतो. नंबराच्या खाली खडूने नाव लिहिलं होतं. काच उलटी धरली होती, म्हणून अक्षरं उलटी. फिरवली आणि वाचलं. आईचं नाव, आप्पांचं नाव, आपलं आडनाव.

माझा विश्वास बसेना. अंधारखोलीत जाऊन एक प्रिंट काढला. ट्रेमधल्या रसायनात कागदावर चेहरा हळूहळू वर आला आणि मला वाटलं, ही तर ताई! तू इथे कशी? कारण आईचा चेहरा मला कुठे आठवतो? ती गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आप्पांनी तिचे घरातले सगळे फोटो जाळून टाकले होते.

तुला अकरावं होतं. तुला सगळं आठवत होतं. आप्पा म्हणायचे, ती पळून गेली, तिचं नाव या घरात काढायचं नाही. आत्या म्हणायची, असल्या बायकांना पोरांची माया नसते. शेजारपाजारचे तर रंगवून रंगवून सांगायचे. आणि तू एकटी म्हणायचीस, "आई आपल्याला सोडून जाणार नाही. तिला कुणीतरी नेलंय." त्यावरून आप्पांचा मार खाल्लास, तरी म्हणायचीस.

काचेबरोबर रुग्णालयाची दाखल-वही होती. तीनशे अठराच्या ओळीत लिहिलं होतं: मूल मृत जन्मल्यापासून बोलत नाही, खात नाही. आणणारा – पती. खाली आप्पांची सही. घड्याळाच्या दुकानाच्या पावतीवर करायचे तीच, शेवटी बारीक गिरकी असलेली.

म्हणजे तू बरोबर होतीस, ताई. तुला हे वीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. तुझ्याआधी मला कळलं आणि मी तोंड शिवून बसलो.

बारक्या


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू लिहू नकोस हवं तर. पण वाचत असशील, असं समजून लिहितो.

मी ती काच संग्रहात ठेवली नाही. फ्लॅनेलमध्ये गुंडाळून माझ्या टेबलाच्या खालच्या खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावलं. त्याच महिन्यात मी संग्रहपाल झालो होतो. कुलगुरूंच्या हस्ते नेमणुकीचं पत्र, वर्तमानपत्रात फोटो, बायकोच्या माहेरची माणसं कौतुकाने बघायला आलेली. अशा वेळी वेड्यांच्या इस्पितळातल्या काचेवर माझं आडनाव! दुसऱ्या कुणी ती पाकिटात घातली असती तर? आईच्या चेहऱ्याकडे पाहून मला पहिल्यांदा जे वाटलं ते हे. रडू आलं नाही. कुणी पाहिलं तर नाही ना, असं वाटलं.

आता तुझ्या त्या दिवसाबद्दल.

आप्पा गेल्यावर तू आईचा शोध घ्यायला निघालीस. नगरपालिका झाली, रुग्णालयं झाली, अनाथाश्रम झाले. मग तुला कळलं की मनोरुग्णालयाचे जुने फोटो माझ्याकडेच आलेत. किती आनंदाने आली होतीस! करड्या रंगाचा कोट घातला होतास, हातात कागदांची फाइल. वाचनकक्षात माझ्या समोर बसलीस आणि म्हणालीस, "बारक्या, माझं मन सांगतं ती इथे असेल. पेट्या दाखव."

मी म्हणालो, "तसं कुणालाही दाखवता येत नाही. रुग्णांची गुप्तता असते."

"मी कुणीही आहे का?"

"ताई, मी सगळ्या काचा स्वतः पाहिल्यात. आई नाही त्यात."

"वहीत नाव?"

"नाही."

माझा उजवा गुडघा त्या खणाला टेकलेला होता. तू रडायला लागलीस, तेव्हा मी काय बोललो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. "वेड लागलंय तुला. गेली ती, सोडून गेली. पन्नाशी जवळ आली तुझी, आता तरी शुद्धीवर ये." तू फाइल गोळा केलीस. एक कागद टेबलाखाली पडला, तो मी उचलून दिला आणि तू माझ्या हाताला हात न लागू देता घेतलास.

त्यानंतर सतरा वर्षं.

आता हे सगळं बाहेर कसं आलं ते सांगतो. मला उपरती झाली म्हणून आलं, असं लिहायचा मोह होतोय, पण तसं नाही. स्कॅनिंगच्या कामावर एक संशोधक मुलगी आहे. जाड भिंगांचा चष्मा, हातात कायम पेन्सिल, एकही नंबर न सोडणारी. डिसेंबरात ती माझ्याकडे आली. "सर, तीनशे सतरानंतर एकदम तीनशे एकोणीस कसा?"

मी म्हटलं, "फुटली असेल."

"नोंदवहीत तसंच लिहिलंय. 'हाताळताना फुटली.' पण सर, तुकडे कुठायत? आपण तर फुटलेल्या काचेचे तुकडेही जपून ठेवतो. आणि शेरा तुमच्या अक्षरात आहे, खाली सही मात्र कोठाराच्या मामांची आहे."

कुलूपमामा तुला आठवत असतील. तू आलीस तेव्हा दार त्यांनीच उघडलं होतं. कमरेला किल्ल्यांचा भला मोठा जुडगा. ती सही मी त्यांच्याकडून घेतली होती. म्हटलं, मामा, एक काच कमी भरतेय, तुमच्याच हातून गेली असणार, इथे सही करा, मी पुढे जाऊ देत नाही. पण वार्षिक तपासणीत ते पुढे गेलंच. त्यांना लेखी ताकीद मिळाली आणि बढती अडकली. मी गप्प.

त्या मुलीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आरोप असा काही केला नाही. "मी मामांना विचारते मग," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "थांब. मी विचारतो."

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. आता ते मुलीजवळ राहतात, दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत कुंड्या. मला बघून इतके खूश झाले की खुर्ची पुसायला लागले. मी सांगितलं. म्हटलं, मामा, ती काच फुटली नव्हती. मी ठेवली होती.

ते बराच वेळ हातातलं फडकं घडी करत राहिले. मग म्हणाले, "साहेब, मी तेव्हा घरी जाऊन किती आठवायचो. कधी फुटली? कशी फुटली? फुटली असती तर आवाज झाला असता ना. रोज आठवून आठवून शेवटी मला तो आवाज ऐकू यायला लागला. माझी मलाच खात्री पटली, फोडली आपणच."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या." पण चहा काही केला नाही त्यांनी. मुलगी विचारायला आली तर म्हणाले, "साहेबांना घाई आहे."

तिथून परतताना ठरवलं की निवृत्तीच्या आत सगळं लेखी द्यायचं. आणि त्याच्याही आधी तुला उरलेलं सगळं कळवायचं. पण खरं सांगायचं तर तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की तिऱ्हाइताकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं. म्हणजे जरा कमी वाईट दिसेल.

बारक्या


१५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. तुझं अक्षर होतं तसंच आहे, आडव्या रेघा पुढे फेकलेल्या. मायना नाही, सही नाही. एक ओळ.

"मी आले होते त्या दिवशी ती जिवंत होती का?"

हो.

चार दिवस मी या एका शब्दाच्या पुढे सरकू शकलेलो नाही. आज रजा टाकून बसलोय.

काच सापडल्यावर महिन्याभराने मी रुग्णालयात गेलो. नवी इमारत शहराबाहेर आहे, बसने तासभर. मी मृत्यूची तारीख विचारायला गेलो होतो. ती मिळाली की प्रकरण मिटेल, असा माझा हिशोब. कचेरीतल्या कारकुनाने वही चाळली आणि मान वर न करता म्हणाला, "आहेत की. वॉर्ड चार. आज भेटीचा वार आहे, जाऊन या."

समोरच्या वहीत नाव लिहायचं होतं आणि पुढच्या रकान्यात नातं. मी लिहिलं, "ओळखीचे."

ती एका मोठ्या खोलीत होती. लांब टेबलाभोवती बसून दहा-बारा बायका मलमपट्टीच्या कापडाच्या घड्या घालत होत्या. नर्सने दाखवली. केस बारीक कापलेले, पांढरे. पाठ ताठ. मला बघताच उठून उभी राहिली. तपासणीला कुणी अधिकारी आलाय असं तिला वाटलं असणार. म्हणाली, "साहेब, माझ्या घड्या मोजून बघा. एकही वाकडी नाही."

मी म्हणालो, "तुम्ही फार छान घालता."

आईला जगात कोण 'तुम्ही' म्हणतं, ताई? माझ्या तोंडून तेच निघालं. तिने मला ओळखलं नाही. कशी ओळखेल, चार वर्षांचा मुलगा टक्कल पडलेला बाप्या होऊन आला तर? आणि मी ओळख दिली नाही. पंधरा मिनिटं बसलो. तिचं बोलणं नीट होतं. सावकाश, पण नीट. कंप मात्र होता हाताला, आणि घडी घालताना तेवढा थांबायचा.

मग मी निघून आलो. एकदाच गेलो. तिला त्रास होईल, या वयात जुनं उकरून काय मिळणार, असं स्वतःला सांगत राहिलो.

ती नऊ वर्षं जगली त्यानंतर. झोपेत गेली, अकरा वर्षांपूर्वी.

तू आलीस तेव्हा ती त्याच टेबलाशी बसलेली असणार. तासभराच्या अंतरावर.

बारक्या


१ मार्च

ताई,

दुसरं कार्ड आलं. "माझं विचारलं का तिने? एकदाच गेलास हे मला खरं वाटत नाही."

तुला कान दिसले शेवटी.

चार वेळा गेलो, तीन वर्षांत. आणि प्रत्येक वेळी तिने तुझं विचारलं.

पहिल्याच भेटीत. घड्या घालता घालता म्हणाली, "साहेब, तुमची बाहेर ये-जा असते. माझी मोठी मुलगी आहे. हुशार आहे. तिला माहीत नसेल मी इथे आहे, नाहीतर ती आली असती. धाकटा लहान आहे, त्याला काय कळणार. पण मोठी येईल. तिला निरोप द्याल?"

मी तिच्यासमोर बसलो होतो. तो लहान, न कळणारा.

मी म्हणालो, "देतो."

दुसऱ्या वेळी तिने विचारलं, "दिलात निरोप?" मी म्हणालो, "दिला. ती येणार आहे." ताई, हे मी का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. तिचा चेहरा बघवेना म्हणून असेल. तिसऱ्या वेळी तिने विचारलं, कधी. मी म्हटलं, लांब असते, रजा मिळाली की. चौथ्या वेळी तिने काही विचारलं नाही, नुसतं माझ्या मागे दाराकडे बघितलं, मी एकटाच आहे ना ते. त्यानंतर मला जाववेना. आणि त्याच वर्षी तू माझ्याकडे आलीस. आईचा निरोप ज्या माणसाला द्यायचा होता, ते माणूस आपल्या पायांनी चालत आलं, माझ्यासमोर बसून रडलं, आणि मी त्याला वेडी म्हणून परत पाठवलं.

अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर आधीचं सगळं फुकट. तिथल्या डॉक्टरीणबाई तिसऱ्या भेटीच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही यांच्या ओळखीचे आहात ना? त्यांच्या घरचं कुणी शोधता आलं तर बघा. त्या कित्येक वर्षं बऱ्या आहेत. खरं म्हणजे पहिल्या दोन वर्षांतच बऱ्या झाल्या होत्या. न्यायला कुणी आलं नाही, म्हणून राहिल्या. आजही कुणी घेऊन गेलं तर माझी ना नाही."

मी 'बघतो' म्हणालो. बसमध्ये बसल्यावर पहिला विचार आला, घरी कोणती खोली द्यायची. दुसरा आला, बायकोला काय सांगायचं. तिसरा, लोक काय म्हणतील. आणि शहर येईपर्यंत माझं ठरलं होतं की मी काही ऐकलंच नाही.

तुझ्याकडे खोली होती. तू तिला एका दिवसात नेलं असतंस. हे मला तेव्हाही माहीत होतं, ताई. माहीत होतं म्हणूनच तुला कळू दिलं नाही. तू तिला नेलंस की सगळ्यांना कळलं असतं आणि मग विचारलं असतं, तिचा मुलगा तीन वर्षं काय करत होता?

ती गेल्याचं पत्र संग्रहालयाच्या पत्त्यावर आलं. नातेवाईक नाहीत, म्हणून ओळखीच्यांना कळवलं. त्या दिवशी परदेशी पाहुण्यांना संग्रह दाखवायचा होता. पत्र खिशात घालून मी दोन तास त्यांना काचा दाखवत फिरलो. अंत्यविधी रुग्णालयाने केला.

काल मी काच खणातून काढून त्या संशोधक मुलीच्या हातात दिली आणि संचालकांना लेखी निवेदन दिलं. मामांच्या ताकिदीबद्दल, नोंदवहीतल्या शेऱ्याबद्दल, सगळ्याबद्दल. चौकशी बसली आहे. निरोपसमारंभ रद्द झालाय, ते बरंच झालं. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "छत्तीस वर्षं तुझ्याबरोबर राहिले, आणि आज तुझ्याशी ओळख होतेय." सध्या ती लेकीकडे गेली आहे.

तुझी क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. तू विचारलंस म्हणून उत्तर दिलं.

बारक्या


२४ मार्च

ताई,

परवा तू न कळवता आलीस. तू तिथे होतीस, तरी लिहितोय, कारण तुझ्यासमोर तोंडातून शब्द फुटला नाही आणि वॉर्डातल्या मावशींनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तसंच राहिलं आहे.

तू माझ्याकडे आलीच नव्हतीस म्हणा. त्या संशोधक मुलीला आधी फोन केला होतास, मला नंतर समजलं. वाचनकक्षाच्या दारातून मी पाहिलं. उजेडाच्या टेबलावर काच ठेवलेली, तू वाकलेली, आणि ती मुलगी तुला दाखवतेय की काच कडांनीच धरायची. तुझे केस पूर्ण पांढरे झालेत. मग तिने संगणकाच्या पडद्यावर सुलट फोटो लावला. तू खुर्ची पुढे ओढलीस. पडद्यावर बोट न टेकवता, बोटाने तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ काढलीस. मला वाटलं, रडशील. तू म्हणालीस, "किती लहान आहे ही. माझ्या मुलीपेक्षा लहान." एकोणतीस वर्षांची होती ती, ताई. आपण दोघंही आता तिच्या आईबापांच्या वयाचे आहोत.

मग मागे वळलीस आणि सतरा वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोललीस. "बस कुठून सुटते?"

तासाभराचा प्रवास आपण मागेपुढे बसून केला. मी तुझ्या मागच्या बाकावर होतो.

वॉर्ड चारमधल्या मावशी निवृत्तीला आल्यात, पण त्यांना आई लख्ख आठवत होती. तू नाव सांगताच त्यांनी तुझे दोन्ही हात धरले. "तुम्हीच का मोठी? अगं बाई! किती वाट पाहायला लावलीत त्यांना." आणि मग जे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं, ताई. शप्पथ घेऊन सांगतो, हे एक मी लपवलं नव्हतं. दर गुरुवारी, भेटीच्या वारी, दुपारी दोनला आई हातपाय धुऊन फाटकाशी जाऊन बसायची. पाचची घंटा झाली की उठायची. "साहेबांनी सांगितलंय येणार म्हणून," म्हणायची. मधल्या वर्षांत एकदा तिला ताप होता, तरी दोघींनी धरून नेऊन बसवावं लागलं. नऊ वर्षं. एक गुरुवार चुकवला नाही.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "हे साहेब आठवतात मला. आधी यायचे. हे कोण तुमचे?"

तू सांगू शकली असतीस. तू गप्प राहिलीस, मलाच बोलायला लावलंस. बरं केलंस.

"मी मुलगा," मी म्हणालो. त्या इमारतीत पहिल्यांदा.

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

आणि तूही वळून माझ्याकडे पाहिलंस. तुम्ही दोघी थांबलात. मी खाली बघत राहिलो.

उत्तर असं आहे. सुरुवातीला मला तिची लाज वाटत होती. वेड्या बाईचा मुलगा म्हणतील, याची. पहिल्या भेटीनंतर तिची लाज वाटण्यासारखं काही नाही, हे मला समजलं होतं. तेव्हापासून लाज वाटत होती ती माझी. एक महिना गप्प बसलो त्याची लाज वाटली, म्हणून वर्षभर गप्प बसलो. वर्षाची वाटली, म्हणून तुला खोटं सांगितलं. त्या खोट्याची वाटली, म्हणून तिला मरू दिलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगितलं तर आजवर का नाही सांगितलं, असं विचारतील. मावशींनी अगदी तेच विचारलं. वीस वर्षं मी ज्या एका प्रश्नाला घाबरून होतो, तो ऐकायला तीन सेकंदही लागले नाहीत.

नंतर तू फाटकाशी जाऊन त्या बाकावर बसलीस. दोन माणसांपुरता बाक. मी जवळ आलो तेव्हा तू पर्स उचलून शेजारच्या जागेवर ठेवलीस. मी उभा राहिलो. आपण पाचच्या घंटेपर्यंत तसेच होतो. तू रस्त्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. घंटा झाल्यावर तू उठलीस आणि मला "येते" न म्हणता पहिल्या बसमध्ये चढलीस.

आता कामाचं. काल त्या मुलीने तुझा संमतीचा कागद मला दाखवला. रुग्णांचे फोटो बाहेर दाखवताना आम्ही पाटीवरची नावं झाकतो. तू लिहिलंयस, "नाव झाकू नये. ती हरवली नव्हती." मुलगी म्हणाली, संग्रहालयाच्या समितीला मान्य होईल. मामांची ताकीदही रद्द झाली, तसं पत्र मी स्वतः त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी दारातच घेतलं, वाचलं आणि आत जाऊन आपल्या मुलीला वाचून दाखवलं. मोठ्याने. मला बाहेर ऐकू येत होतं.

त्या संमतीच्या कागदावर वारसांच्या सह्यांसाठी दोन ओळी आहेत. पहिलीवर तुझी सही आहे, पुढे नात्याच्या जागी "मुलगी". दुसरी ओळ कोरी आहे. मुलीने विचारलं, "सर, ताईंनी त्यावर रेघ मारलेली नाही. राहून गेलं असेल, की मुद्दाम?"

मला माहीत नाही, ताई. मी पेन उचललं होतं, परत ठेवलं. कागद समितीकडे एकतीस तारखेला जाईल. त्यावर सही करायची की नाही, ते तू सांग. नाही म्हणालीस तर ती ओळ मी स्वतः रेघ मारून बंद करीन.

बारक्या